पाकोळ्या शोधायला चला उमरखेडला

पुस्तकातला वसंत आणि आमच्याकडचा वसंत यांची कधी गाठच पडत नाही. पुस्तकात वसंत आला की वेली फुलतात, भुंगे गुणगुणतात, मंद वारा सुटतो. आमच्या उमरखेडला वसंत आला की आधी धूळ येते. माळ्यावरचे माठ खाली निघतात, गच्चीवर कुरडया नि पापड वाळायला पडतात, शेतातल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात, आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. जंगलातला साग तर असा उघडाबोडका उभा असतो, की पाहणाऱ्याला वाटावं, झाड वाळूनच गेलं. लाल-केशरी फुलांनी पेटलेला पळस सोडला तर रंग म्हणून डोळ्याला दिसत नाही.

अशा दिवसांत कुणी म्हणालं, 'चला, फुलपाखरं बघून येऊ,' तर तुम्ही हसाल. आमच्या घरीही हसलेच. "फुलपाखरं पाहायची तर श्रावणात पाहावीत. आत्ता पाहायला आहे काय, धूळ?" असं सासूबाईंचं म्हणणं. पण मैत्रिणींनो, होळीनंतरच्या एका रविवारी आम्ही खरोखरच निघालो, आणि संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझ्या मुलीच्या वहीत चौदा तऱ्हेच्या फुलपाखरांची नोंद होती. ही फुलपाखरं कुठे सापडली, ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे. कारण ती आपल्याला वाटतात त्या जागी नव्हतीच.

आधी आमचं गाव कुठे आहे ते सांगते. उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचं तालुक्याचं गाव. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. म्हणून आमची बोली अर्धी वऱ्हाडी, अर्धी मराठवाडी. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा हमरस्ता यवतमाळ, आर्णी, महागाव करत आमच्या गावावरून हदगाव-नांदेडला जातो. बरीच मंडळी गाडीतूनच उमरखेड पाहतात नि पुढे जातात. तालुक्याच्या पूर्वेकडे पैनगंगा अभयारण्य आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. सुमारे सव्वातीनशे चौरस किलोमीटरचं हे सागाचं जंगल, आणि तीन बाजूंनी त्याला नदीचा वेढा. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगवलेली पैनगंगा इथवर येते आणि पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. ताडोब्याला जशी गाड्यांची रांग लागते, तशी इथे लागत नाही. म्हणून तर शांतपणे हिंडता येतं.

आता जायचं ठरलं कसं, तेही सांगते. मी इथल्या एका शाळेत अर्धा दिवस शिकवते. चौथी-पाचवीला परिसर अभ्यास. फुलपाखराचा धडा आला. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, असं फळ्यावर गोल चित्र काढलं आणि सहज विचारलं, "झाडावर अळी दिसली तर काय कराल?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "फवारायची, बाई!"

हे उत्तर ऐकून मला मुलांचा राग आला नाही. कपाशीच्या मुलखातली मुलं ती. अळी म्हणजे बोंडअळी, आणि बोंडअळी म्हणजे घरावरचं कर्ज, एवढंच त्यांनी पाहिलेलं. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा वाटलं होतं की बोंडअळीची कटकट संपली. पण गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ साली तिनं विदर्भात हाहाकार केला. त्याच हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी नि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी बसते. तिचे वडील एका पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात फवारा मारून आले ते अंगणातच कोसळले. आठवडाभर दवाखान्यात होते. ही मुलगी त्या गलक्यात ओरडली नाही. तास संपल्यावर जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, अळी नाही मारली तर पाकोळी होते म्हणता. मंग पाकोळ्या हायेत कुठं? आमच्याकडं तर दिसतच नाहीत."

मार्च महिना होता. मीही खिडकीबाहेर पाहिलं. एकसुद्धा नव्हती. 'आहेत गं, शोधायला हव्यात,' असं मी म्हणाले खरी, पण नुसत्या म्हणण्यानं शिक्षिकेचं काम भागत नाही. म्हणून तो रविवार.

सकाळी सहाला निघालो. गाडीत हे, मी, सहावीतली लेक, आणि सहस्रकुंडच्या महादेवाचं दर्शन होईल म्हणून सासूबाई. डब्यात दशम्या, तिळाची चटणी आणि कांदा. उमरखेडहून ढाणकी, ढाणकीहून बिटरगाव आणि तिथून जंगल, असा रस्ता. ह्यांनी विचारलं, "इतक्या लवकर कशाला?" तर त्याचं कारण असं, की फुलपाखराच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते. सकाळचं ऊन पंखांवर घेतल्याशिवाय त्याला उडताच येत नाही, आणि भर दुपारच्या उन्हात तेही आपल्यासारखंच सावली धरून बसतं. म्हणजे उन्हाळ्यात ते दिसायची वेळ साधारण आठ ते अकरा. तोवर आपण जागेवर पोचलेलं असावं.

गाव सुटलं आणि रस्त्याच्या कडेला पहिलं हिरवं झाड दिसलं ते रुईचं. आजूबाजूचं सगळं गवत वाळून कोळ झालेलं, आणि रुई मात्र जाड-जाड पानं मिरवत उभी. आपण बायका रुईला ओळखतो ती शनिवारच्या मारुतीच्या माळेपुरती. एरवी ती उकिरड्यावरची. चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल म्हणून मुलांना आपण तिच्यापासून लांब ठेवतो आणि ते बरोबरच आहे. शेळीसुद्धा सहसा तिला तोंड लावत नाही. पण त्या रुईवरच आम्हाला पहिलं फुलपाखरू भेटलं. केशरी पंख, टोकं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. मादी पानाखाली एकेक अंडं चिकटवत होती.

पान उलटून पाहिलं तर अळीही सापडली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, आणि अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही अळी रुईचं विषारी पान खाते, आणि ते विष पचवून स्वतःच्या अंगात साठवते. पुढे फुलपाखरू झालं तरी विष अंगात राहतं. एखाद्या पाखरानं गिळलं तर त्याला ओकारी येते, आणि ते पाखरू पुन्हा या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून ही फुलपाखरं पाहा कशी, घाई नाही, भीती नाही, लग्नाच्या मांडवात मिरवणाऱ्या विहिणीसारखी सावकाश उडतात.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या एका जातीची मादी, डॅनाइड एगफ्लाय तिचं नाव, हुबेहूब असेच केशरी कपडे घालून हिंडते. तिच्या अंगात हे विष नसतं. पण रूप सारखं, म्हणून पाखरं तिलाही सोडून देतात. तिचा नर अगदी वेगळा, काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्यांना जांभळट झाक. हिची अळी काय खाते, माहीत आहे? घोळ. आपण डाळ घालून करतो ना भाजी, तीच घोळ! लेकीनं वहीत लिहिलं, 'घोळीची भाजी फुलपाखरांनाही आवडते.' मी ते खोडलं नाही.

ढाणकीच्या अलीकडे एका शेताजवळ गाडी थांबवली. हळद काढून झालेली, शिजवायचं काम चाललं होतं. मोठाल्या भांड्यातून वाफा निघत होत्या आणि जमिनीवर हळकुंडं वाळत पडली होती. आमच्या भागात कापूस, ऊस यांच्या जोडीला हळद हे मोठं पीक. त्या वासानं सासूबाई खाली उतरल्या आणि हळकुंड हातात घेऊन पारखू लागल्या. बांधावर एक जुना आंबा होता. त्याच्या फांदीवर बांडगूळ माजलेलं. लेक वर बोट दाखवून ओरडली, "आई, ते बघ!"

पंखांची खालची बाजू पिवळीधमक, काळ्या रेघांची, आणि कडेनं लालभडक ठिपक्यांची ओळ. मराठीत या फुलपाखराला 'हळदीकुंकू' असंच नाव आहे. इंग्रजीतलं नाव कॉमन जेझबेल. सासूबाईंना नाव सांगितलं, तर त्या हातातलं हळकुंड तसंच धरून कितीतरी वेळ वर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चैत्र लागला नाही अजून, आणि ही आधीच निघाली की गं हळदीकुंकवाला."

हे फुलपाखरू अंडी घालतं ती बांडगुळावर. एखादा माणूस दुसऱ्याच्या जिवावर जगतो, तर आपण त्याला 'बांडगूळ' म्हणून हिणवतो. आंब्याच्या मालकाला ते नकोसं असणं साहजिक आहे. बाग असेल तर त्यानं ते काढलंच पाहिजे. पण सडकेच्या कडेचं झाड, माळावरचा मोह, यांच्यावरचं थोडं बांडगूळ राहिलं, तर आपल्या चैत्रात ही सवाष्ण येते. नाहीतर यायची नाही, कारण तिच्या पिल्लांना दुसरं काही चालत नाही.

इथे मला पहिल्यांदा एक गोष्ट ध्यानात आली. आपण फुलपाखरं शोधतो ती फुलांवर. पण फुलाचा मध हा त्यांचा फराळ झाला. त्यांचा संसार असतो तो पानांवर, आणि तोही कुठल्याही पानावर नव्हे. एकीला रुईच लागते, दुसरीला बांडगूळ, तिसरीला बहावा. लेकीला सासरी पाठवताना आपण घर पाहतो, तशी ही मादी अंडं घालण्याआधी पान पाहते, पायांनी त्याची चवसुद्धा घेते. नको ते पान असेल तर ती उडून जाते. आपण 'तण' म्हणून जे उपटतो, त्यातच कुणाचं तरी माहेर असतं.

बिटरगावच्या पुढे जंगल सुरू झालं. वनखात्याच्या लोकांना विचारून, नाव लिहून आत गेलो. ही गोष्ट जरूर पाळा, अभयारण्यात विचारल्याशिवाय शिरू नये. अस्वल आणि बिबळ्या इथे आहेत. रस्ता सोडून लांब गेलो नाही. साग पानं गाळून उभा, आणि खाली पानांचा थर इतका, की पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. हिरवं काहीही नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'आता?' असा तो चेहरा. मी काही बोलले नाही.

एका मोहाच्या झाडाखाली साठीच्या पुढच्या एक बाई फुलं वेचत होत्या. मार्चअखेरीपासून मोह पहाटे फुलं टाकतो, आणि सकाळी ती वेचायला गावातल्या, तांड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन येतात. आजींनी झाडाखाली जुनी लुगडी अंथरली होती. त्यावर मोत्यांसारखी फिकट पिवळी फुलं पडलेली. त्यांनीच आम्हाला विचारलं, "काय हुडकून राह्यल्या, बाई?"

"पाकोळ्या, आजी."

आजी हसल्या. "आता पाण्यापाशी जा. वाळूत बसतेत त्या. आन् इथं पाहाची असन तं पायाखाली पाहा. वर काय पाहता?"

आम्ही पायाखाली पाहिलं, तर काही नाही. पाचोळाच. आजींनी हातातली काटकी नुसती पाचोळ्यावर फिरवली, आणि एक वाळकं पान उडालं! उडालं, चार हातांवर जाऊन बसलं, आणि बसल्याबरोबर पुन्हा वाळकं पान झालं. डोळ्यांदेखत दिसेनासं. लेक तर गुडघ्यावर बसून शोधू लागली.

या फुलपाखराचं नाव कॉमन ईव्हनिंग ब्राऊन. आंबलेली फळं, झाडाचा चीक यांवर ते येतं. सांज झाली की उडतं आणि दिवसा पाचोळ्यात पडून राहतं. पावसाळ्यात जन्मलं तर त्याच्या पंखांखाली गोल-गोल डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूत जन्मलं तर ते ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख थेट वाळक्या पानासारखे होतात. आई तीच, जात तीच. अळी वाढताना हवा कशी होती, त्यावरून पुढचं लुगडं ठरतं. हिरव्या गवतात एक आणि पाचोळ्यात दुसरं. आपण बाई म्हणून कितीदा हेच करतो, नाही का? माहेरचं रूप वेगळं, सासरचं वेगळं, आणि दोन्ही खरी.

पण आजींशी बोलताना जे कळलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पलीकडच्या दोन-तीन मोहांखाली जमीन काळी झाली होती. फुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. वारा असला की ती आग झाडाखालीच राहत नाही, वणवा होतो. वणवा आडवावा म्हणून वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, तरी दरवर्षी आगी लागतातच. त्या पाचोळ्यात अळ्या असतात, कोष असतात, ही वाळकी पानं असतात. एक काडी ओढली की श्रावणातली पाकोळी फाल्गुनातच जळून जाते. आजी मात्र पाचोळा झाडून बाजूला करतात आणि लुगडी पसरतात. मी विचारलं, "तुम्ही का नाही पेटवत?" तर म्हणाल्या, "जाळलं की फुलाले राखीचा वास लागते. आन् झाडाचं मूळ भाजते. हे झाड माह्या सासूनं वेचलं, आता म्या वेचतो. माह्या सुनेलेही लागन ना?"

शास्त्र शिकलेल्या माणसानं तासभर व्याख्यान दिलं असतं, ते आजींनी दोन वाक्यांत सांगितलं. जुन्या साड्या आपल्या सगळ्यांच्या घरी पडून असतात. बोहारणीला देऊन एक वाटी घेण्यापेक्षा जंगलकाठच्या एखाद्या बाईला चार साड्या दिल्या, तर मोहाखालची एक आग वाचेल, हे मी त्या दिवशी मनाशी टिपून ठेवलं. आता वर्षभर साठवून होळीच्या सुमारास पोचवते.

आजींचा दुसरा शब्दही खरा ठरला. पावणेअकराला आम्ही सहस्रकुंडला पोचलो. इथे पैनगंगा काळ्या खडकाच्या फटींमधून अनेक धारांनी खाली पडते. एका काठाला आमचा उमरखेड तालुका, दुसऱ्या काठाला नांदेड जिल्हा. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे. पावसाळ्यात हा धबधबा बघायला गर्दी होते, तेव्हा तुषारांनी कपडे भिजतात. मार्चमध्ये मात्र धारा बारीक होतात, खडक उघडे पडतात, आणि कडेच्या डबक्यांभोवती ओली वाळू राहते. सासूबाई महादेवाला गेल्या. आम्ही वाळूकडे.

मैत्रिणींनो, ते दृश्य मी विसरणार नाही. तळहाताएवढ्या ओल्या जागेवर फुलपाखरं अशी खेटून बसली होती, जशी सार्वजनिक नळावर बायकांची भांडी. पंख मिटून, सगळ्यांची तोंडं वाळूत. लिंबाच्या रंगाची, मोठी, कॉमन एमिग्रंट. तिच्या अळ्या बहाव्याच्या पानांवर वाढतात. लहान पिवळी, गवतातली. पांढऱ्या पंखांवर काळ्या रेघांची पायोनिअर, ही तर खास कोरड्या मुलखाची. बोटाच्या नखाएवढी निळी. पाऊल वाजलं की सगळी एकदम उठायची, जणू कुणी रांगोळीचा डबा उधळला, आणि आम्ही थांबलो की पुन्हा तिथेच.

तुम्हाला वाटेल, तहान लागली असेल बिचाऱ्यांना. तहान तर असतेच, पण कारण वेगळं आहे. वाळूतल्या पाण्यात मीठ आणि क्षार विरघळलेले असतात. फुलांच्या मधात साखर भरपूर, पण मीठ नाही. ते मिळवायला फुलपाखरं ओल्या वाळूवर, चिखलावर, शेणावरसुद्धा बसतात. आणि नवल म्हणजे तिथे बसतात ते बहुतेक सगळे नर. शास्त्रज्ञ सांगतात, की हे मीठ मिलनाच्या वेळी नर मादीला देतो, आणि ते पुढे अंड्यांना उपयोगी पडतं. मी हे मोठ्यानं वाचून दाखवल्यावर सासूबाई दर्शन करून परत आल्या होत्या. त्या ह्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "बघ, पाकोळीसुद्धा घरात मीठ आणून टाकते. तुला चार वेळा सांगावं लागतं." आम्ही सगळेच हसलो. हेही.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. उन्हाळ्याच्या तोंडावर पाकोळ्या कुठे असतात? जिथे आपण साफसफाई केलेली नाही, तिथे. रुईच्या उकिरड्यावर, बांडगुळाच्या फांदीत, न जाळलेल्या पाचोळ्यात आणि नदीच्या ओल्या कडेला. यातली एकेक जागा आपण 'घाण' म्हणून पुसली, तर त्या जागेची पाकोळी जाते. ती दुसरीकडे राहायला जात नाही, कारण तिला दुसरं घर नसतं.

आता तुम्ही म्हणाल, 'आम्ही शहरगावच्या, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या, आम्ही काय करावं?' तर एक कढीपत्त्याची कुंडी पुरे. लिंबू, कढीपत्ता, बेल ही एका गोताची झाडं. लाइम नावाचं काळं-पिवळं फुलपाखरू यांच्यावर अंडी घालतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, मराठीत 'नीलवंत', त्याच्या अळ्याही लिंबाच्या गोतातल्या झाडांवरच वाढतात. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू ठरवलं. आपल्या देशात असं करणारं हे पहिलं राज्य. आमच्या कोरड्या अंगणात नीलवंत दिसेल अशी आशा मी धरत नाही, पण लाइम हमखास येतं.

अळी ओळखायची खूण सांगते. पहिले काही दिवस ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी, मध्ये पांढरी. पुसून टाकावीशी वाटेल, पण पुसू नका. मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलं तर डोक्यामागून दुपाखी लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एवढंच तिचं शस्त्र. ती चावत नाही, खाजही येत नाही. उन्हाळ्यात अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. कोष झाला की त्या काटकीला हात लावू नका. पहाटेच्या सुमाराला फुलपाखरू बाहेर येतं आणि पंख वाळेपर्यंत तिथेच टांगून राहतं.

आमच्या घरी यावरून तह झाला. कढीपत्त्याचा शेंडा सासूबाईंच्या फोडणीचा, खालच्या दोन फांद्या अळ्यांच्या. फार झाल्या तर मी दोन-चार उचलून परसातल्या बेलावर सोडते. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला नि तिच्या दोन मैत्रिणींना मी एका शनिवारी घरी बोलावलं. तिनं आधी हात मागे घेतला. मग एका बोटानं अळीला स्पर्श केला. शिंग बाहेर आलं तशी दचकली, आणि हसली. जाताना तिनं कढीपत्त्याचं एक रोप मागून नेलं. "ह्याच्यावर बाबाले फवारू देणार नाही," म्हणाली.

कपाशीच्या शेतकऱ्याला 'अळी मारू नको' असं सांगायला मी धजणार नाही. पोटाचा प्रश्न आहे. गुलाबी बोंडअळीचा होतो तो बारीक तपकिरी पतंग आणि ही फुलपाखरं वेगळी. पण घरातल्या बाईनं दोन गोष्टी तरी बघाव्यात. घरचं माणूस फवारायला निघालं तर तोंडाला नाकाला मास्क, हातात मोजे आणि अंगभर कपडे आहेत की नाहीत; वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नये; आल्यावर आधी साबणानं अंघोळ, मग जेवण. आणि औषधाची रिकामी बाटली घरात पाण्याला, तेलाला कधीही वापरू नये. अंगणातल्या झाडांवर तर शेतातलं औषध मुळीच नको. साबणाचं पाणी किंवा हातानं वेचणं तिथे पुरतं.

येणार असाल तर काही सूचना. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ चांगला, पळसही फुललेला असतो. एप्रिलनंतर पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, मुलांना घेऊन येऊ नका. पहाटे निघा, अकरापर्यंत पाहून घ्या. माणशी दोन-तीन बाटल्या पाणी, डोक्याला रुमाल किंवा पदर, पायात बंद चप्पल. दशम्या टिकतात, दही सोबत नेऊ नका. सहस्रकुंडच्या खडकांवर शेवाळ असतं, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं तर नदी एकाएकी वाढते. मुलांचा हात सोडू नका, डोहात उतरू नका. जंगलात काडी पेटवायची नाही, स्वयंपाक तर नाहीच. फुलपाखरू पकडू नका, पंखांची भुकटी बोटाला लागते ती त्याची खवले असतात, ती पुन्हा येत नाहीत. मुलांना वही द्या. रंग, जागा, आणि ते कुठल्या पानावर बसलं होतं, एवढं लिहिलं तरी पुरे. नाव नंतर शोधता येतं.

आणि हो, वाटेत मोहाखाली एखाद्या आजी दिसल्या तर थांबा. त्यांना जुनी साडी द्या, आणि पायाखाली काय आहे ते विचारा.